उजव्या कडेची झीज

१

काचेच्या कपाटातला टायर खोटा होता. खडूमामांना ते डोळ्यांआधी अंगठ्यानं सांगितलं.

अठ्ठावीस वर्षांनी ते त्या क्लबच्या खोलीत पाऊल टाकत होते. शर्यतीचा ट्रॅक कायमचा बंद होत होता. दुपारी चार वाजता ट्रक येणार होता, आणि भिंतीवरचे फोटो, कपाटातले चषक, जुनी घड्याळं असं सगळं शहराच्या संग्रहालयात जाणार होतं. त्यातच हा टायर. खाली पितळेची पट्टी होती : 'शेवटच्या शर्यतीत फुटलेला टायर. झिजलेला असूनही तपासणीत सुटला.'

तपासणी करणारे म्हणजे खडूमामा. पट्टीवर नाव नव्हतं, पण ट्रॅकवर टायर तपासणारा माणूस एकच होता. खिशात पिवळा मेणखडू ठेवायचे म्हणून त्यांचं नाव खडूमामा पडलं, आणि खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.

त्यांना घेऊन आली होती ती भिंगरीची मुलगी. वळणावर गाडी अशी फिरवायचा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, म्हणून तिच्या वडिलांना सगळे भिंगरी म्हणत. हा टायर फुटला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता लोकांना गाडी चालवायला शिकवायची. सकाळी मामांच्या दारात तिनं गाडी उभी केली, तेव्हा नमस्कार व्हायच्या आधी मामा वाकले आणि तिच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबून म्हणाले, "झिजून गोटा होत आलेत."

"चालतील हो मामा अजून. हाताला सवय झालीय त्यांची."

असं बोलणारी माणसं मामांनी खूप पाहिली होती.

आता तिनं काल मागून घेतलेल्या किल्लीनं कपाटाचं कुलूप काढलं आणि ती बाजूला झाली. मामांनी टायर बाहेर घ्यायला वेळ लावला. या टायरच्या आत, जिथं रिम बसल्यावर कुणाची नजर पोचत नाही, तिथं त्यांच्या खडूची एक खूण असणार होती. पास केला असेल तर बरोबरची रेघ, बाद केला असेल तर फुली. ही त्यांची एकट्याची रीत. बाहेरची खूण रस्ता पुसतो, आतली राहते. चौकशीच्या वेळी कुणी आत डोकावलं नव्हतं, आणि मामांची स्वतःची तर छातीच झाली नव्हती. आत रेघ निघाली तर काय, या एका विचारानं त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती.

त्यांनी आत बघितलं. रेघ नव्हती. फुलीही नव्हती. नुसतं काळं रबर.

मग अंगठा कडेवरून फिरला आणि जागच्या जागी थांबला.

"पोरी," मामा हळूच म्हणाले, "हा तुझ्या बापाचा टायर नाही."

२

तिला आधी वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मामांनी तिला खाली बसवलं आणि टायर फरशीवर उभा केला.

शर्यतीच्या टायरच्या बाजूवर एक बाण असतो. चाक कुठल्या दिशेनं फिरायचं, ते तो सांगतो. मामांनी बाणाप्रमाणे टायरचं तोंड खिडकीकडे केलं आणि तिला विचारलं, कुठली कड जास्त झिजलीय?

"डावी."

"म्हणजे हा गाडीच्या डाव्या अंगाला होता आणि दिवसभर उजवीकडे वळत होता. गाडी उजवीकडे वळली की सगळं वजन डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतं. बरोबर?"

ती रोजच शिकवत होती हे. मान हलवली.

"आता मला सांग, हा ट्रॅक कुठून कुठं जातो?"

तिनं खिडकीतून बोट दाखवलं. सुरुवातीच्या रेषेपासून पुढे, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. एक सोडून सगळी वळणं उजवी. लहानपणापासून ती तेच बघत आली होती.

मामा म्हणाले की ते आता. तिच्या वडिलांचा अपघात झाला ना, त्याच्या पुढच्या हंगामात ट्रॅकची दिशा उलटी केली. शेवटचं वळण उतारावर येत होतं, ते चढावर यावं म्हणून. त्याआधी गाड्या उलट्या अंगानं पळायच्या. एक सोडून सगळी वळणं डावी. तेव्हा मरायचा तो उजवा पुढचा टायर, आणि त्याची उजवी कड. भिंगरीचाही उजवाच फुटला.

"त्या दिवशी या ट्रॅकवर पळालेल्या टायरची कड अशी झिजूच शकत नाही. हा नंतरचा आहे. कुणीतरी आणून ठेवलाय."

आणि फुटलेली जागा? तिनं विचारलं. टायरच्या बाजूला वीतभर भोक होतं. मामांनी तिचं बोट धरून त्या भोकाच्या कडेवरून फिरवलं. टायर फुटतो तेव्हा दोरे बाहेर येतात, केरसुणीसारखे. इथं कड गुळगुळीत होती. हे पात्यानं कापलं होतं.

तिनं बोट काढून घेतलं. मग म्हणाली की आई जाईपर्यंत एकच सांगत होती, तुझ्या बाबांचा जीव एका माणसाच्या आळसानं गेला. "मी तुम्हाला आज इथं का आणलं, सांगू? तुम्ही त्या टायरकडे बघताना तुमचा चेहरा मला बघायचा होता."

"मग बघितलास?"

"हो. म्हणून विचारते. खरा कुठं आहे?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

३

कपाटाची किल्ली सुरुवातीपासून घड्याळबाईंकडे असायची; मुलीनंही ती त्यांच्याकडूनच घेतली होती. तीस वर्षं त्यांनी ट्रॅकवर वेळ मोजली होती, आणि अजूनही कुणी 'जरा वेळानं येतो' म्हणालं की त्या 'जरा म्हणजे किती' असं विचारत. ट्रॅकची आणखी एक रीत त्यांनी सांभाळली होती. गाडीतून उतरलेला प्रत्येक जण आधी त्यांच्या टेबलाशी यायचा आणि टायर कसे वागले ते सांगायचा. बाई ते जसंच्या तसं वहीत उतरवायच्या. पकड कशी, झीज किती, कुठल्या फेरीला मऊ पडले, कुठल्या वळणावर सुटले. त्या वह्यांवरून मामा पुढच्या शर्यतीचे टायर निवडायचे. बाई वाचायच्या आणि मामा ऐकायचे, कारण तेव्हा मामांना वाचता येत नव्हतं.

बाई बाहेरच्या खोलीत त्याच वह्या खोक्यात भरत बसल्या होत्या. मामांना बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"खडूभाऊ, अठ्ठावीस वर्षं उशीर."

मामांनी कबूल केलं. मग विचारलं, कपाट कधी उघडलं होतं?

बाईंना आठवायला वेळ लागला नाही. एकदाच. अपघातानंतर नवव्या वर्षी, खोलीला रंग दिला तेव्हा. सामान हलवायला तिघं होती : त्या स्वतः, भिंगरीबरोबर शर्यतीत पळणारा पहिलवान आणि भिंगरीचा धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकटाच म्हणत, भावाच्या गाडीचा तो मिस्त्री. टायर बाहेर काढून दोन दिवस मागच्या पडवीत ठेवला होता.

"तेव्हाच रंग का द्यायला काढला होता?"

बाई थोड्या अवघडल्या. "तुमचं पत्र आलं होतं ना त्याच महिन्यात. मी बैठकीत वाचून दाखवलं. मग कुणीतरी म्हणालं, तो माणूस येणार असेल तर खोली तरी नीट करा."

पंचावन्नाव्या वर्षी मामा अक्षरं शिकले आणि आयुष्यातलं पहिलं पत्र त्यांनी या क्लबला लिहिलं. दोन ओळींचं. कपाटातला टायर एकदा आतून बघू द्यावा, एवढंच. 'कधीही या' असं उत्तर आलं होतं. तेवढ्यात पुन्हा धीर सुटला आणि ते आलेच नाहीत. त्यांच्या त्या दोन ओळींनीच कुणालातरी घाबरवलं होतं.

"रंग द्यायचं कुणी सुचवलं, बाई?"

ते बाईंना आठवत नव्हतं. वेळा त्यांना आठवायच्या, माणसांचं बोलणं वहीत असलं तरच. मग मामांनी अपघाताच्या वर्षाची वही मागितली. बाईंनी खोक्याच्या तळातून ती काढली. मामांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता हसले.

'पहिलवान : टायर चांगले आहेत. रस्ता खराब आहे.'

त्याच पानावर, शर्यतीच्या सकाळच्या सरावानंतरचं : 'भिंगरी : नवे टायर पहिल्या फेऱ्यांना साबण. त्यांची माझी ओळख होईपर्यंत शर्यत संपेल. पुढचे जुनेच बरे होते. ते मला ओळखतात.'

मुलगी वाकून वाचत होती. वडिलांचं असं बोलणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं त्या ओळीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मामा मात्र पुन्हा आतल्या खोलीत गेले होते. टायरची कड त्यांनी उजेडात धरली. झीज सरळ नव्हती. कड कुरतडल्यासारखी, रबराच्या गोळ्या वळलेल्या. असं टायर खाणारा माणूस ट्रॅकवर एकच होता.

"हा पहिलवानाचा आहे," ते म्हणाले.

४

पहिलवान बाहेर कठड्यावर बसला होता. त्याची मान अजून तशीच जाड होती, पण गुडघे गेले होते. त्यानं मामांना ओळखलं आणि काठी उचलून दाखवली.

"ये रे खडू. मला वाटलं मेलास."

"तुझ्या आधी नाही."

दोघं हसले, आणि मग दोघंही ट्रॅककडे बघू लागले. समोर ट्रॅक उन्हात पसरला होता. भेगांतून गवत आलं होतं, तरी वळणांवर अजून काळे पट्टे दिसत होते. गरम झालेलं रबर रस्त्याला घासून गेलं की तिथं एक वास राहायचा. मामांना तो आत्ताही आला असं वाटलं. पहिलवान म्हणाला, रोज येतो वास, म्हणून तर इथं येऊन बसतो. भिंगरीच्या शेवटच्या शर्यतीत तो दुसरा होता. त्या वळणावर पहिला पोचला तोच, आणि पुढे कधी पहिला नंबर आला तरी त्यानं चषक घरी नेला नाही.

मामांनी त्याच्या मांडीवर टायर ठेवला.

पहिलवानानं कड बघितली आणि लाजला. "माझाच. एवढा बटबटीत दुसरा कोण खाणार? तू मला सांगायचास, स्टिअरिंग फिरव, कुस्ती खेळू नकोस. कुठं सापडला?"

"कपाटात. भिंगरीच्या जागी."

पहिलवानाचा चेहरा उतरला. खोटं बोलायचं असतं तर टायर माझा नाही, एवढं म्हणून तो सुटला असता. त्यानं काठीनं जमीन टोकरली. म्हणाला, आपले टायर आपण जपून ठेवत नव्हतो. गोटा झाले की देऊन टाकायचो. सगळे एकाच माणसानं नेले, गॅरेजबाहेर लोकांना बसायला त्यांची आसनं केली.

"कुणी?"

पहिलवानानं मुलीकडे बघितलं.

"माझ्या काकानं," तीच म्हणाली. "तीन आहेत त्याच्या दारात. वर फळी ठोकलेली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं. पाहुणा आला तरी त्यावरून उठत नाही. आम्ही चिडवायचो त्याला, सिंहासन म्हणून."

धाकटा आज आला नव्हता. पाठ धरलीय, असा निरोप होता.

"काका असं कशाला करेल?" तिचा आवाज चढला. "मामा, उगीच काहीतरी जोडू नका. बाबा गेल्यावर त्यानं मला वाढवलंय. टायर घेतला असेल तर आठवण म्हणून घेतला असेल."

"असेल," मामा म्हणाले. "आठवण हवी असेल तर माणूस मागून घेतो. भोक कापून दुसरा ठेवत नाही. चल आत. फोटो बघू."

५

फोटो दारासमोरच होता. शेवटच्या शर्यतीच्या सुरुवातीचा. त्या काळी गाड्या रेषेपर्यंत हातानं ढकलत न्यायचे आणि झेंडा वर गेल्यावर इंजिन सुरू करायचे. म्हणजे फोटोतल्या गाडीचे टायर अजून पळाले नव्हते.

भिंगरी गाडीत बसून हसत होता. समोरचे दोन दात जरा पुढे. मुलीचेही तसेच होते.

मामा त्याच्याकडे बघत राहिले. त्या सकाळी सराव संपल्यावर त्यांनी सरावाचे टायर काढून सहा गाड्यांना शर्यतीचे चोवीस टायर चढवले होते. भिंगरीचे चारही नवे. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. ट्रॅकवर त्यांना मिशा म्हणायचे. भिंगरीनं एक मिशी ओढून विचारलं होतं, मामा, हे अजून वयात आलेले दिसतात, पळतील का? मामांना ते स्पष्ट आठवत होतं. पण चौकशीत दाखवलं की दोन नवे टायर शेडच्या फळीवर तसेच पडलेत. तेव्हा मामांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. चोवीस टायरांत आपलाच हात चुकला असेल. मिशीची गोष्ट आदल्या शर्यतीची असेल. त्यांनी मान खाली घातली, आणि लोकांनी तेच उत्तर धरलं.

"घड्याळबाई, तुमचं भिंग द्या."

भिंगाखाली मागचा टायर आला. केसाळ, कोरा. मग मामांनी भिंग पुढच्या टायरवर नेलं.

एकही मिशी नव्हती. तुळतुळीत.

बाई पुटपुटल्या, "हा फोटो मी रोज पुसते."

"पुढचे दोन बदलले," मामा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मी चारही नवे दिले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असते. कुणीतरी पुढची चाकं सोडवून आणली, नवे टायर उतरवून फळीवर ठेवले आणि शेडमागच्या बाद थप्पीतले जुने चढवले. हे ज्याला येतं असा माझ्याशिवाय एकच होता."

आणि रेषेवर तुम्ही का नव्हता, मुलीनं विचारलं. दर वेळी असायचात ना?

बाहेरून पहिलवानानंच उत्तर दिलं. त्याच्या चाकाची हवा जात होती, मामा त्याच्यापाशी अडकले होते.

मुलीनं भिंग घेतलं आणि फोटोवरून फिरवलं. टायरवर नाही, माणसांवर. गाडीभोवती पाच जण होते. चार जण कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पाचवा, विशीतला, हातात पाना घेतलेला, खाली चाकाकडे बघत होता.

तिनं भिंग खाली ठेवलं आणि गाडीची किल्ली उचलली.

६

गॅरेज तिथून दहा मिनिटांवर. बंद होतं. दारात तीन आसनं होती आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावर धाकटा बसला होता. केस पांढरे झालेले, हात मात्र मिस्त्रीचेच. पुतणीला बघून तो हसला. तिच्यामागून मामा उतरले आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"काका," ती म्हणाली, "उठ."

तो उठला नाही. पाठ दुखते म्हणाला.

"पाठ दुखणारा माणूस खुर्चीत बसतो," मामा म्हणाले. "उठ बाबा. बास झालं."

धाकट्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मामा खाली बसले. टायर आडवा होता, वर फळी. बाण त्यांना अंगठ्याला लागला. बाणाच्या दिशेनं बघितलं तर झिजलेली कड उजवी. एकसारखी, गुळगुळीत, कुठं गोळी नाही की ओरखडा नाही. भिंगरी टायर असाच संपवायचा, साबणाची वडी संपावी तसा. भिंतीकडच्या बाजूला भोक होतं आणि त्यातून दोरे बाहेर आले होते.

मुलीनं गॅरेजातून पहार आणली आणि फळी उचकटली.

मामा आत बघायला वाकले, पण डोळ्यांत पाणी आलं आणि काही दिसेना.

"पोरी, तूच बघ. काय आहे?"

"पिवळी फुली."

मामांनी दोन्ही हात जमिनीला टेकले.

धाकटा बोलू लागला तो त्यांच्याशी नाही, टायरशी बोलल्यासारखा. जेवणाच्या सुट्टीत दादा मागं लागला होता. नवे पायाखाली सरकतात, दहाच फेऱ्या आहेत, तेवढ्याला जुने पुरतील, मामांना सांगू नकोस, ते ऐकायचे नाहीत. त्यानं नाही म्हणून बघितलं. पण दादाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. फुली त्यानं बघितली होती. बघूनच टायर चढवला. नवव्या फेरीला फुटला.

मग सांगायला गेला होता, असं म्हणाला. चौकशीच्या दारापर्यंत. तिथं वहिनी बसल्या होत्या, मांडीवर ही. वहिनी म्हणत होत्या, ज्यानं हे केलं त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही. तो परत फिरला. आत मामांनी मान खाली घातली होतीच.

"आणि मी पत्र लिहिलं," मामा म्हणाले.

"फुली तुम्हीच ओळखली असती. दुसरं कुणी नाही." पहिलवानाचा टायर गॅरेजात होता, तो त्यानं कापला. कुठली कड झिजलीय ते बघितलंसुद्धा नाही. आठ वर्षं उजवी वळणं बघून दिशा डोक्यातून गेली होती. "हा टाकून देणार होतो. तीनदा भंगारवाल्याच्या गाडीत घातला आणि तीनदा उतरवून घेतला."

मुलीनं पहार खाली ठेवली. "काका, मी कधी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"तू विचारत नव्हतीस. त्यावरच मी दिवस काढले."

तिनं तोंड फिरवलं. धाकटा मामांकडे वळला आणि हात जोडायला गेला. मामांनी ते हात धरून खाली केले.

"तुला मी आज काही म्हणणार नाही. उद्या म्हणेन का, ते माहीत नाही. एवढंच ऐक. अठ्ठावीस वर्षं मी पंक्चर काढली. प्रत्येक टायर दोनदा तपासला. एकदा टायर, आणि एकदा माझा अंगठा, की हा अजून खरं बोलतो का. गिऱ्हाईक म्हणायचं, मामा किती काळजी घेतात. काळजी नव्हती रे ती."

धाकट्याची मान वर होईना.

"साडेतीन वाजले," मुलगी म्हणाली. "टायर कोण उचलणार?"

धाकट्यानंच उचलला. पाठ खरंच धरली होती, हे तेव्हा कळलं, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. टायर मांडीवर घेऊन तो मागच्या सीटवर बसला.

७

ट्रक येऊन उभा होता. ट्रकवाला घाई करत होता आणि घड्याळबाई त्याला सांगत होत्या की चारला अजून सहा मिनिटं आहेत.

सगळ्यांसमोर धाकट्यानं सांगितलं. थोडक्यात, खाली बघून, पण सगळं. पहिलवान ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं कठड्यावर सरकून जागा केली आणि काठीनं धाकट्याला बसायची खूण केली. तो बसला.

मुलीनं पितळेची पट्टी उचकटली आणि कोरा पुठ्ठा घेतला. मामांना विचारलं, काय लिहू?

"टायर बाद होता, एवढं लिही."

तिनं लिहिलं : 'हा टायर तपासणीत बाद केला होता.' मग खाली आणखी एक ओळ घातली : 'चालवणारा म्हणाला होता, जुने मला ओळखतात.'

मामांनी बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. दुसरी त्यांनी पुन्हा वाचली. "त्याचाच आवाज आहे," म्हणाले.

घड्याळबाईंनी ती वही त्या पानावर उघडून टायरशेजारी ठेवली. ट्रक चार वाजून दोन मिनिटांनी गेला. दोन मिनिटं उशीर, असं बाई म्हणाल्या, पण कुणाला उद्देशून नाही. ट्रॅकवर ऊन उतरत होतं. पहिलवान म्हणाला की भिंगरी शेवटच्या वळणात शिरताना शीळ घालायचा, इंजिनाच्या आवाजात ती कुणाला ऐकू जायची नाही, पण ओठ दिसायचे. मुलीला हे माहीत नव्हतं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

संध्याकाळी तिनं मामांना घरी सोडलं. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. उतरताना मामा म्हणाले की आज रात्री ते बायकोला सांगतील. बायकोनं अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

ती गाडी वळवणार, तेवढ्यात मामा पुढून आले. सवयीनं वाकले आणि उजव्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. मग खिशातून पिवळा खडू काढला, आणि बाजूवर, बाहेरून, सगळ्यांना दिसेल अशी मोठी फुली मारली.

तिनं काच खाली केली. "मामा, सकाळी म्हणाले ना मी, सवय झालीय त्यांची."

"ऐकलं होतं," मामा म्हणाले आणि डाव्या टायरकडे गेले. "उद्या बदल."

"बदलते," ती म्हणाली, आणि दुसरी फुली पुरी होईपर्यंत इंजिन बंद करून थांबली.